समोरची पार्टी

आमच्या घरात 'पार्टी' हा शब्द कपाशीच्या गाडीवर बसून आला. बाबा मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. गाडी काट्यावर चढली की वजन वाचायचं, लिहायचं आणि मोठ्याने सांगायचं, हे त्यांचं काम. रात्री जेवताना ते दिवसभराची हकिगत सांगत. त्या हकिगतीत माणसं नसायचीच, पार्ट्या असायच्या. खामगावची पार्टी आली होती. पार्टी भाव पाडून मागते. पार्टी रुसली. पार्टी फुटली. मला लहानपणी वाटायचं, पार्टी म्हणजे कोणीतरी बाई असणार. एकदा आईला विचारलंही.

"तुह्या बापालेच विचार," आई म्हणाली. "दिवसभर कोनत्या पार्टीसंगं असते तं."

बाबांना ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी मला समजावलं, "पार्टी म्हणजे समोरचा मानूस. आपून इकून, तो तिकून, आन् मधात काटा."

समोरच्या पार्टीशी वागायची त्यांची एक पद्धत होती आणि ती त्यांनी घरीही आणली होती. व्यवहाराचं बोलायला कोणी आलं की आधी ट्रेमधून पाणी. पेला रिकामा होऊन खाली ठेवला जाईपर्यंत बाबा कामाचा शब्द काढत नसत. घरच्या माणसाला मात्र कोणी पाणी विचारायचं नाही. माठ स्वयंपाकघराच्या दाराशी, वर ओगराळं. ज्याला तहान लागली त्याने जाऊन घ्यावं. मामा असो, आत्या असो, आल्या आल्या माठाकडे जायचे. जो माठाकडे गेला तो घरचा, असं आम्हा तिन्ही भावंडांच्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं. तिघांत मी थोरली, मग भाऊ, मग बहीण.

आईची पार्टी वेगळी होती. मी बारावी झाले तेव्हापासून ती दारात उभी राहून शेजारणींशी बोलायची, "अकोल्याची पार्टी आहे, पोरगा सरकारी नोकरीत आहे." पार्ट्या आल्या, पोहे खाऊन गेल्या. मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, भाऊ शिकत होता, आणि मी एका शाळेच्या ऑफिसात लिपिक म्हणून लागले. पार्ट्या हळूहळू यायच्या थांबल्या. याचं मी फार दुःख केलं नाही. करायला वेळ नव्हता.

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, दुरुस्त करायच्या नळांची, शाळेतल्या अडलेल्या कामांची, ज्यांच्याकडे जायचं राहिलं त्या माणसांची. या एका शब्दाचीही यादी एकदा झाली, तीही निवडणुकीच्या ड्युटीवर. आम्हाला धामणगाव बढेचं केंद्र मिळालं होतं. मतदानाची यंत्रं घेऊन निघालेले आम्ही कर्मचारी म्हणजे पोलिंग पार्टी. केंद्राबाहेर टेबल मांडून बसलेले ते पार्टीवाले. आणि आमचे केंद्राध्यक्ष सकाळीच म्हणाले, "बिनतक्रार पार पडलं तं सगळ्यायले माह्याकून पार्टी." मी पाकिटाच्या मागे हे तिन्ही अर्थ लिहिले आणि पुढे भर घालत गेले. शाळेत कोणाचं प्रमोशन झालं की कचोरीची पार्टी. थंडीत शेतावर गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पार्टी, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार. पुरुष डोळा मारून म्हणतात ती पार्टी, जिचा पत्ता बायकोला सांगत नाहीत. "मोठी पार्टी आहे" म्हणजे पैसेवाला माणूस. स्कूटरचा विमा काढला तेव्हा एजंटने थर्ड पार्टी समजावली होती. "मॅडम, थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यानं चाललेला तो मानूस. त्याचं काही घेनं ना देनं, पन लागते त्यालेच."

एक अर्थ मात्र माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. वाढदिवसाची पार्टी. भावाच्या मुलांचे वाढदिवस मी केले, बहिणीच्या मुलीचा पहिला वाढदिवस याच घरात, अंगणात मांडव टाकून केला. माझा वाढदिवस म्हणजे सकाळी मेणबत्ती लावून वंदना करायची आणि शाळेत जायचं. आई होती तोवर ती शिरा करायची. आई जाऊनही आता काही वर्षं झाली.

घराबद्दल सांगायला हवं. बाबांनी निवृत्तीच्या आधी हायवेच्या बाजूच्या एका ले-आऊटमध्ये प्लॉट घेऊन हे घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण, मागे पाण्याचा टाका. तेव्हा सगळे म्हणायचे, एवढ्या लांब कोण राहतं. बाबा याच घरात पडून होते, आईही इथेच गेली. दोघांचं मी केलं. हे उपकार म्हणून सांगत नाही. भाऊ पुण्याला होता, बहीण लग्न होऊन खामगावला, घरात मीच होते. घर बाबांच्या नावावर होतं आणि त्यांच्यामागे आम्हा तिघांचं झालं. पण तिघांचं म्हणजे कसं, याचा विचार आमच्यापैकी कोणी कधी बोलून दाखवला नव्हता. मी टाक्याची गळती काढली, छपराला वॉटरप्रूफिंग केलं, संडास नवीन बांधला. मला वाटायचं आपण आपलं घर सांभाळतो आहोत.

मग मागच्या हिवाळ्यात भाऊ एक दिवसासाठी आला. बँकेचं काम आहे म्हणाला. दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी मेथी निवडत होते आणि तो मागे टाक्यापाशी फोनवर बोलत होता. पुण्यात त्याची भाषा बदलते, पण मलकापुरात उतरला की दहा मिनिटांत मूळ पदावर येते.

"नाही, नाही, पार्टीचं रविवारीच ठेवा," तो म्हणत होता. "ताईले अजून सांगतलं नाही. तिच्यासमोर विषय काढू नका. आधी सांगतलं तं ती यादी काढत बसल, आन् मंग काही खरं नाही." आणि तो हसला.

मीही हसले, आत, एकटीच. कारण तो म्हणत होता त्या रविवारी मी पन्नास वर्षांची होणार होते.

त्या आठवड्यात माझं शाळेत लक्ष नव्हतं. बाहेरून मी शांत होते, मला काहीच माहीत नाही असं दाखवत होते. पण माणसं येणार म्हटल्यावर मला हातावर हात ठेवून बसता येत नाही. मी सोफ्याची कव्हरं धुतली. फाटकाला रंग दिला. एक साडी घेतली, मोरपंखी, काठाची. दुकानदाराने विचारलं, "घरी काही कार्यक्रम?" मी म्हटलं, "नाही हो, असंच." कागदी प्लेटांचं पुडकं आणून पिठाच्या डब्यामागे लपवलं. पुण्याहून येणाऱ्या माणसाला इथे ऐनवेळी प्लेटा कुठे मिळतात ते काय माहीत असणार.

बहिणीला मात्र फोन केल्याशिवाय राहवलं नाही. तिच्याशी बोलताना मी पहिल्यापासून आमच्याच बोलीत बोलते.

"काय चालू आहे व तुमच्या दोघायचं?"

तिने टीव्हीचा आवाज कमी केला.

"मले माहीत झालं. रविवारच्या पार्टीचं."

"कोनं सांगतलं?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"सांगाले कोन पाहिजे? मले कान नाहीत का?"

"ताई, तू रागावली तं नाहीस ना? मी भाऊले म्हणत होती, आधी ताईले विचार. तो म्हणे, ऐनवेळी सांगू."

"रागवायचं काय त्याच्यात? कधी ना कधी व्हायचंच होतं. उलट उशीरच झाला म्हणते मी."

"हाव ना!" तिने केवढा तरी श्वास सोडला. "मी हेच म्हणत होती. तुले एकटीले एवढा पसारा कशाले पाहिजे?"

"मंग पसारा तुमीच आवरा. मी हात लावणार नाही."

"नको लावू. सगळं भाऊ पाहून राह्यला. तू फक्त हो म्हण."

"म्हणते की. हो, हो, हो. झालं?"

फोनवर ती रडायला लागली. "ताई, तू लई चांगली आहेस व," म्हणाली. माझेही डोळे भरून आले. धाकट्या बहिणीने माझ्यासाठी एवढं मनावर घ्यावं, याचंच मला कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी मी वंदना केली, शेवभाजी करून झाकून ठेवली, पुऱ्यांची कणीक भिजवली. माझ्याच पार्टीचा स्वयंपाक मी करणं बरोबर नव्हतं, पण भावाचा भरवसा नव्हता. तो केक आणेल आणि जेवण विसरेल, असा माझा अंदाज. मग नवीन साडी नेसून बसले.

भाऊ बहिणीला खामगावहून गाडीत घेऊन आला. मुलं नाहीत, भावजय नाही, जावई नाहीत. हातात केकचा खोका नाही. बहीण नेहमीसारखी आल्या आल्या माठाकडे गेली, ओगराळ्याने पाणी घेऊन गटागटा प्यायली. भावाने माझ्याकडे पाहिलं.

"आज शाळा आहे काय ताई?"

"रविवारी?"

"नाही, साडी-बिडी नेसलीस म्हणून."

मला वाटलं, नाटक चांगलं करतो.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. भाऊ खिडकीतून पाहून म्हणाला, "आली पार्टी."

दोन माणसं होती. एक भावाच्या ओळखीचा दलाल आणि दुसरा माझ्याच वयाचा, पांढऱ्या शर्टातला, चप्पल बाहेर काढून आलेला गृहस्थ. दलालाने खिशातून मोजायचा टेप काढला आणि अंगणाच्या कोपऱ्याकडे पाहत मला म्हणाला, "ताई, हे टोक धरता काय जरा?"

मी टोक धरलं. खरंच धरलं. पदर खोचून, भिंतीशी वाकून, टेप सरळ राहील असं नीट धरलं. मला वाटलं मांडव टाकायचा आहे. एवढ्या उशिरा मांडव कसा उभा राहणार, खुर्च्या कोण आणणार, असा हिशेब डोक्यात सुरूही झाला होता. तेवढ्यात पांढऱ्या शर्टाच्या गृहस्थांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं.

"पिलर नाहीत ना याले?"

"नाही, नाही," भाऊ म्हणाला. "जुनं लोड-बेअरिंग आहे."

"मंग बरं. पाडाले सोपं जाईल."

टेपचं टोक माझ्या हातातून सुटलं. तो सरसर करत दलालाच्या मुठीत गेला. "ओ ताई, बोट कापलं असतं ना माह्यं," तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरात गेले. बहीण मागोमाग आली. मी तिला विचारलं, "काय पाडतात हे?"

"काय म्हणजे?" ती गोंधळली. "घर. त्यायले इथं दुकानं काढायची आहेत. ताई, तूच तं म्हणाली, मले सगळं माहीत आहे. उशीरच झाला म्हणाली. तीनदा हो म्हणाली."

मी पोळपाट ओढला. पुऱ्या लाटायला घेतल्या. हाताला काहीतरी काम हवं होतं. पीठ संपलं म्हणून तिने डबा ओढला आणि मागचं पुडकं खाली पडलं. कागदी प्लेटा फरशीवर पसरल्या. रंगीत, फुगे छापलेल्या. दुकानात तशाच होत्या.

"हे काऊन आणलं?"

"पार्टी येणार होती ना," मी म्हटलं.

तिने प्लेटेकडे पाहिलं, मग माझ्या साडीकडे. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. ती खाली बसली. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात तोंडावर ठेवून. मला वाटलं आता ती उठेल, बाहेर जाईल आणि भावाला सांगेल की थांब, गफलत झाली. बाहेरून दलालाने आकडा सांगितला, भावाने तो पुन्हा म्हटला. मग ती हळूच म्हणाली, "पन ताई, आता इसाराचे पैसे घेऊन झाले आहेत."

दोघं वाढदिवस विसरले, हे मी दुसऱ्या दिवशी माफ केलं असतं. पण दिवाळीपासून हे चाललं होतं, असं तिच्याच बोलण्यातून निघालं. मी शाळेत असताना दलाल शेजारच्या गच्चीवरून घर बघून गेला होता. त्या काळात बहीण दोनदा माझ्याकडे मुक्कामाला राहिली. एका अंथरुणावर झोपलो. छपराला आता किती वर्षं बघायला नको, हे मी तिला सांगत होते आणि ती "हाव, हाव" म्हणत होती.

मी जेवण वाढलं. आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची रीत आमच्याकडे नाही, आणि शेवभाजीचा त्यात काय दोष. फुग्यांच्या प्लेटांत पुऱ्या, वाटीत भाजी. पार्टीसाठी केलेलं पार्टीनेच खाल्लं. भाऊ मला आत बोलावून दबक्या आवाजात समजावत होता. पार्टी सोन्यासारखी आहे, अशी पुन्हा येणार नाही. त्याला पुण्यात मोठं घर घ्यायचं आहे. बहिणीच्या मुलीचं शिक्षण आहे. मी काही दिवस त्याच्याकडे राहायचं, काही दिवस बहिणीकडे.

"आन् शाळा?"

"किती दिवस करशील शाळा? एकट्या जिवाले काय लागते?"

"मले विचारलं काऊन नाही?"

त्याला खरोखर नवल वाटलं. "तुले काय विचारायचं ताई? तू आमचीच पार्टी आहे. समोरची थोडीच आहे."

हे वाक्य तो प्रेमाने बोलला, हे मला आजही मान्य आहे. म्हणूनच ते जास्त लागलं. समोरच्या पार्टीला पाणी द्यावं लागतं, भाव विचारावा लागतो, ती उठून जाईल म्हणून जपावं लागतं. मी त्यांचीच, म्हणून मला काहीच विचारायचं नव्हतं.

मी बाहेर आले. ते गृहस्थ हात धुऊन रुमालाला पुसत होते.

"भाजी झकास झाली बाई," ते म्हणाले. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना काहीतरी समजलं असावं. "मले तं सांगतलं, मोठ्या बहिणीची पूर्ण राजीखुशी आहे. म्हणून म्या इसार देल्ला, गाडी काढली."

"मी राजी नाही," मी म्हटलं. "मी आहे तोवर हे घर पडणार नाही. माझ्यामागे काय ते करा."

त्यांनी एकदा भावाकडे पाहिलं, इसार परत पाठवा म्हणाले, नमस्कार केला आणि चप्पल घातली. दलाल मात्र फाटकापर्यंत बडबडत गेला, "आधी घरात एक होत जा ना बे, मंग पार्टी आनाले सांगत जा."

भाऊ त्याच संध्याकाळी निघाला. बहीण गाडीत मागे बसली. तिने काच खाली केली आणि पुन्हा वर केली. त्यानंतर दोघांचे फोन बंद झाले.

पावसाळ्यात वकिलाची नोटीस आली. घराची वाटणी करून द्यावी, नाहीतर घर विकून पैसे वाटून घेण्यासाठी दावा करू. मी ती घेऊन गावातल्या एका वकिलांकडे गेले. त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचली.

"तुमचं म्हणणं ठीक आहे मॅडम," ते म्हणाले, "पण समोरच्या पार्टीचा हिस्सा आहे, तो काही जात नाही. कोर्टात गेलं तर वर्षं जातील. आधी बसून बोला."

"समोरची पार्टी म्हणजे भाऊ ना?"

"भाऊ आणि बहीण. दोघांचं नाव आहे."

मी नोटीस पुन्हा पाहिली. मी ती घरी दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा बहिणीच्या नावावरून माझी नजर सरकली होती.

बोलणी माझ्या घरीच ठरली, पुन्हा एका रविवारी. बोलायचे मुद्दे मी कागदावर लिहून ठेवले होते. दोघांच्या हिश्श्यांचं काय करायचं ते मी बघेन, कर्ज काढेन, वेळ द्या. घर मात्र पडणार नाही. वकील आधी येऊन बसले. मग गाडी आली. भावाने आत येऊन वकिलांना नमस्कार केला, मला मान हलवली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला.

बहीण मागून आली. उन्हातून आली होती, चेहरा लाल झाला होता. उंबरा ओलांडून ती सवयीने सरळ माठाकडे निघाली. ओगराळ्याला हात लावला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, हात मागे घेतला, आणि येऊन भावाशेजारी बसली.

मी आत गेले. ट्रे काढला, तीन पेले भरले आणि बाहेर आणले. तिने पेला घेतला, रिकामा करून खाली ठेवला. मग आम्ही बोलायला सुरुवात केली.